संध्याकाळचं तोंड

टाचणी त्या माणसाच्या बुटात पडली, आणि ती माझ्याच ओठांतून पडली होती हे मला त्याने पाय झटकला तेव्हा कळलं. मी त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसले होते, पँट खालून दुमडून लांबी धरत होते. दुपार टळून गेली होती. आमच्या दुकानात नवं शिवत नाहीत, फक्त आल्टरेशन करतात; लोकांची पोटं सुटतात, कोणी वाळतं, कोणाला मेलेल्या बापाचा कोट आपल्या मापाचा करून हवा असतो, त्यावर आमचं चालतं. ‘टाचणी आत गेली वाटतं,’ तो म्हणाला. सभ्य माणूस, आवाजही चढवला नाही. मी वर बघून हसले. म्हणजे आपण हसलो असं मला वाटलं. त्याचा चेहरा एकदम आक्रसला. ‘राग येण्यासारखं मी काही बोललो नाही, बाई,’ तो म्हणाला. ‘छे हो, राग कसला,’ मी म्हटलं, आणि ते मला माझ्याच नाकातून ऐकू आलं. मास्तर टेबलामागून चष्म्यावरून बघत होते. कापायचं काम त्यांचं, दुकानही त्यांचंच. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, ‘टाचण्या झाल्या, आता गिऱ्हाईकं खायला लागा.’ मी वाकून जमिनीवरच्या टाचण्या गोळा केल्या. बऱ्याच होत्या. एकीचंही पडणं मला जाणवलं नव्हतं, कारण ओठ घट्ट मिटलेले आहेत याची मला खात्री होती.

ओठांत टाचण्या धरायची खोड आईची. मास्तर मनगटाला बांधलेल्या गादीत खोचतात, हल्लीच्या मुली चुंबकाची वाटी घेऊन बसतात, पण आई म्हणायची की हात दोनच, ते कापडाला हवेत. तोंडाला तसं काय काम असतं? आई घरीच काजं करायची, कोटांची, शर्टांची, गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. आणि टाचण्या कधी ओठांत धरायच्या नाहीत याचाही नियम होता: आईशी बोलायचं असेल तेव्हा. कारण आई ऐकायची ती ओठांवरून. लहानपणी तिला मेंदूचा ताप आला होता. ताप उतरला, पण उतरताना कानाच्या नसा घेऊन गेला. तोवर ती बोलायला शिकली होती म्हणून बोलते, सपाट, चढउतार नसलेलं, अनोळखी माणसाला वाटतं बाई कायम वैतागलेली आहे. त्यामुळे आमच्या घरात दिवे माणसांच्या तोंडावर असत. इतरांच्या घरात खुर्च्या खिडकीकडे बघतात, आमच्या खुर्च्या एकमेकींकडे बघत. पाठ करून बोललं की कानाखाली बसे, आणि तेही बरोबरच होतं. दादा आणि मी भांडायचो तेही समोरासमोर, नीट ओठ उघडून, तिला सगळं कळेल असं. चोरून भांडणं आम्हाला फार उशिरा जमलं. तिला लिहून दाखवलेलं आवडत नसे. वाचता येतं तिला, चांगलं येतं. पण म्हणायची, ‘कागदावर कोणीही काहीही लिहितं. ओठही लबाड असतात. माणसाचं तोंड बघावं.’ गल्लीतला कुठला माणूस आजारी पडणार, कुठल्या बाईचं घरात बिनसलंय, सगळं तिला तोंडावरून कळायचं आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. त्यामुळे तिचा तोरा वाढला होता. आणि ती रागावली की डोळे मिटून घ्यायची. संपलं. ज्याचे कान डोळ्यांत असतात त्याने डोळे मिटले की तुम्ही कितीही गळा काढा, घरात तुम्ही नसताच. दादा तिच्या मांडीवर डोकं आपटायचा. मी कोपऱ्यात बसून ती कधी डोळे उघडते त्याची वाट बघायचे. आमच्या घरात शिव्या चालत, आदळआपट चाले, पण समोरचा बोलत असताना डोळे मिटणं म्हणजे शेवटचं, त्याच्यापुढे काही नाही. आणि नेमकं तेच माझ्याकडून व्हायला लागलं.

कधीपासून, ते सांगता येणार नाही. आधी डावी पापणी. संध्याकाळी दुकानातून आल्यावर आई दिवसभराचं सांगायला बसायची, खालच्या मजल्यावर कोण आलं, दूधवाला कसा उर्मट आहे, आणि माझी पापणी खाली येऊ लागायची. झोप नाही हो. मी ऐकत होते. मला तो दूधवाला ऐकायचा होता. पण पापणी एखाद्या सैल इलास्टिकसारखी खाली येई, आणि मी मान मागे टाकून खालून बघत राही. ‘कंटाळा आला असेल तर तसं सांग,’ आई म्हणायची. ‘नाही गं, सांग ना.’ ‘डोळे मिटून काय सांग सांग म्हणतेस?’ मग जेवताना जबडा दमायला लागला. निम्मं ताट संपलं की घास नुसता तोंडात फिरायचा, हनुवटीला हाताचा टेकू दिल्याशिवाय चावता येईना. ‘हनुवटीला हात लावून जेवू नये, अवदसा आठवते,’ आई म्हणाली. मग हसू. त्याचं मला सर्वात उशिरा कळलं, कारण स्वतःचं हसू कोण बघतं? आपण आतून हसतो आणि धरून चालतो की ते बाहेर पोचलं. आईने एकदा वाटी ठेवताना मला काहीतरी गमतीचं सांगितलं, मास्तरांच्याच जुन्या फजितीचं, मी हसले, आणि तिने वाटी जरा जोरात खाली ठेवली. ‘तोंड वाकडं करून ऐकायचं असेल तर ऐकूच नकोस.’ मी समजावायला गेले. हळू, मोठं तोंड करून, शब्द शब्द ओठांवर ठेवत, जसं तिच्याशी बोलायची माझी जन्माची सवय. आणि जितकी मी ओठांची मेहनत करी तितके ते आणखी ढिले पडत. ‘प’ आणि ‘म’ला ओठ मिटेनात. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘शाळेतली पोरं अशी करायची. माझ्यापुढे उभं राहून. तोंडं वेडीवाकडी करून.’ आणि उठून आत गेली. मला इतकं वाईट वाटलं की मी ताट तसंच ठेवून दिव्याखाली बसून राहिले, तोंडावर उजेड घेऊन, बघायला कोणी नसताना.

टाचणी पडली त्या दिवशी मी दुकान बंद करायच्या वेळी ट्रायलच्या खोलीत गेले. तिथे तीन आरसे आहेत, गिऱ्हाइकाला पाठ दिसावी म्हणून. मी पडदा ओढला आणि हसले. वरचा ओठ मधोमध वर गेला, दात दिसले, आणि ओठांची टोकं जिथल्या तिथे राहिली. नाकाशी सुरकुती पडली. तिन्ही आरशांत एक बाई गुरकावत होती. मी आणखी हसले, तशी ती आणखी गुरकावली. मला खरोखरच हसू यायला लागलं, भीतीचं, वेड्यासारखं, आणि ते बघणं असह्य होतं, कारण आतल्या हसण्याचा आणि त्या तोंडाचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. म्हणजे हे तोंड आई रोज बघते. महिनोन् महिने, समोरच्या खुर्चीत बसून, चांगल्या उजेडात. बाहेरून मास्तर म्हणाले, ‘बाई, आत काय नाटकाची तालीम चाललीय?’ मी म्हटलं, ‘आलेच.’ त्यांना ते कळलं नाही, परत विचारलं. मी परत म्हटलं नाही, पिशवी घेतली आणि निघाले.

पहिल्या डॉक्टरकडे मी सकाळी गेले, ही माझी चूक. सकाळी मी ठणठणीत असते. रात्रभर झोपून ओठ, पापण्या, जबडा सगळं जागच्या जागी येतं, शिट्टीसुद्धा वाजवता येते. त्याने डोळ्यात बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि म्हणाला, ‘या वयात बायकांना होतं असं. घरात काही ताण?’ मी म्हटलं, घरात आई आहे. तो समजल्यासारखा हसला. मला त्याचं हसू बघून हेवा वाटला, किती सहज, दोन्ही टोकं वर. दुसरी डॉक्टरीणबाई मास्तरांच्या गिऱ्हाइकांपैकी, तिच्याकडे मी कामावरून सुटून गेले, आणि तिने मला बसवून सांगितलं की छताकडे बघा, मान न हलवता, मी सांगेपर्यंत बघत राहा. छताला पंख्याचा हूक होता. मी त्या हुकाकडे बघत राहिले. एकाचे दोन हूक झाले, मग पापण्याच खाली आल्या, हूक गेले. तिने ग्लोव्हच्या बोटात बर्फ भरून माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला, जरा वेळाने काढला, आणि म्हणाली, ‘आता आरशात बघा.’ डोळा उघडा होता. लख्ख. मी तिच्याकडे जादूगाराकडे बघावं तशी बघायला लागले. ‘जादू नाही,’ ती म्हणाली, ‘आजार आहे, आणि बरं झालं आलात.’ मग रक्त, मग हाताला चिमटे लावून विजेचे बारीक झटके, मग छातीचा फोटो. सगळं झाल्यावर तिने नीट समजावलं. नस ठीक आहे, निरोप पाठवते. स्नायू ठीक आहे, निरोप मिळाला तर हलतो. दोघांच्या मधे बारीकशी फट आहे आणि निरोप घ्यायच्या जागा स्नायूच्या बाजूला आहेत. त्या जागा बंद पडत चालल्यात. सकाळी उरलेल्या जागांवर भागतं, वापरून वापरून संध्याकाळपर्यंत भागेनासं होतं. मी म्हटलं, ‘म्हणजे बटणं आहेत, काजं कोणीतरी शिवून टाकतंय.’ ‘साधारण तसंच.’ ‘कोण?’ ‘तुमच्याच शरीरातली फौज. बाहेरचा जंतू आला की त्याला धरायचं काम त्यांचं. त्यांची ओळखीत चूक झालीय, घरातल्यांनाच परकं समजतायत.’ ‘का?’ ‘ते कोणालाच नीट माहीत नाही,’ म्हणाली. तिने खोटं काही सांगितलं नाही, म्हणून मला ती आवडली. गोळ्या दिल्या. गोळी घेतली की काही वेळाने तोंड परत येतं, काही तास टिकतं, जातं. फौजेला आवरायची दुसरी औषधं हळूहळू लागू पडतील, महिने जातील, धीर धरा. धीर काय, धरवला तर धरेन, टाचण्या धरवत नाहीत, असं मी म्हटलं, आणि ती हसली.

आईला मी सकाळीच सांगितलं. ओठ धड होते, म्हणून. तिला समोर बसवलं, पडदा बाजूला केला, सगळं सांगितलं, फट, निरोप, फौज, काजं. तिने एक शब्द सोडला नाही. मग म्हणाली, ‘आत्ता तर चांगली बोलतेयस.’

‘आत्ता सकाळ आहे ना. संध्याकाळी होतं.’

‘संध्याकाळी म्हणजे माझ्यापुढे.’

‘तुझ्यापुढे नाही गं, दिवसभर वापरून—’

‘दिवसभर दुकानात लोकांसाठी चांगलं तोंड ठेवायचं, आणि घरी आलं की आईला हे.’ तिने माझी नक्कल केली, ओठ मधेच वर उचलून, डोळे अर्धे मिटून. अगदी हुबेहूब. तीन आरशांतली बाई. ‘आजार असा घड्याळ बघून येतो होय?’

मी रिपोर्ट पुढे केला. तिने तो हातातही घेतला नाही. कागदावर कोणीही काहीही लिहितं. मी हात जोडले, हसले, सकाळचं माझं सरळ हसू, आणि तिथेच घोटाळा झाला, कारण ते हसू इतकं सरळ होतं की कालचं मुद्दाम होतं याचा तो पुरावाच झाला. मला तिचा राग आला. कानाच्या नसा गमावलेली बाई, तिला नसेचं दुखणं कळू नये? मग वाटलं, तिला तरी कसं कळावं. तिची नस गेली ती एकदाच, कायमची, सकाळ-संध्याकाळ सारखीच. तिच्या दुखण्याने कधी तिला खोटं पाडलं नाही. दादाला फोन केला तर तो संध्याकाळीच सापडतो, आणि माझं नाकातलं, लडबडलेलं बोलणं ऐकून तो हळूच म्हणाला, ‘तू घेतलीयस का?’ मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन करून त्याला सगळं सांगितलं, तो चांगला आहे बिचारा, आजाराचं वाचून वगैरे घरी आला, पण आईशी बोलून झाल्यावर म्हणाला, ‘आईला मी काय सांगू? ती म्हणते, माझ्या लेकीला मी नकोशी झालेय आणि ते मला तिच्या तोंडावर दिसतं. काही दिवस ने मला.’ आणि तो तिला घेऊन गेला. जाताना आई शिवणाच्या मशीनवर कापड टाकून गेली, नेहमीच्या हिशोबाने, चारी बाजूंनी सारखं. मी जिन्यापर्यंत गेले. संध्याकाळ होती. मी तोंड हलवलंच नाही, हात हलवला फक्त.

मग घर. मला वाटलं होतं शांत वाटेल, तर घर आधीही शांतच होतं, आमच्या घरात आवाज कधी नव्हतेच. आता दोन खुर्च्या एकमेकींकडे बघत होत्या. मी माझ्या खुर्चीत बसायचे, दिवा तोंडावर यायचा, आणि लक्षात यायचं की मी कुठल्याही क्षणी बोलायच्या तयारीत तोंड उजेडात धरून बसलेय. दिवा फिरवायला हवा होता. फिरवला नाही. कधीकधी हसून बघायचे, आरशाशिवाय, गालावर बोट ठेवून, टोक वर जातंय का. माणसाला एकटं वाटतं म्हणजे काय होतं, याचा मी आधी कधी विचार केला नव्हता. माझ्याकडे वेळ नव्हता आणि आई होती. आता वाटायचं, आत मी आहे, पूर्ण आहे, तीच फटकळ, तीच खिदळणारी, आणि बाहेरच्या लोकांना दुसरीच कोणीतरी भेटतेय. बसमध्ये माझ्या शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली, कारण तिच्या पिशवीला हात लावून मी हसले होते. दुकानात मास्तरांनी मला गिऱ्हाइकासमोरून हलवून आत उसवायच्या कामाला बसवलं, ‘बरं वाटेपर्यंत,’ म्हणाले, आणि चुंबकाची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. त्यांनी ती चांगल्या मनाने ठेवली, मला माहीत आहे. मी ती वापरते. गोळ्या लागू पडत होत्या, पोटात मुरडा यायचा, पण तोंड परत यायचं, दुपारचे दोन-तीन तास पूर्वीसारखे मिळायचे, आणि ते कोणावर खर्च करायचे असा प्रश्न पडायचा. मग दादाचा फोन आला. आई म्हणते मशीन आणून दे. रविवारनंतर टेंपो बघतो. मी म्हटलं, ‘मशीन?’ तो म्हणाला, ‘हो गं. तिचं इथे बस्तान बसतंय.’ मशीन गेलं म्हणजे ती परत यायची नाही, इतकं मला कळत होतं. आई एक वेळ माणूस मागे सोडेल, मशीन सोडणार नाही.

म्हणून रविवारी मी गेले. सगळं जुळवून गेले: सकाळभर कोणाशी बोलले नाही, जेवले पातळ, जबडा न वापरता, आणि बसमध्ये बसायच्या आधी गोळी घेतली, म्हणजे पोचेपर्यंत तोंड तयार. दार वहिनीने उघडलं. आई झोपली होती. ‘उठेलच, बसा,’ वहिनी म्हणाली, आणि चहा, आणि मुलांच्या परीक्षा, आणि तिच्या बहिणीचं घर, आणि मला कसं वाटतंय आता. वहिनी मनाने मोकळी आहे, तिला मी कसं सांगू की बोलू नका, माझे शब्द मोजके आहेत, ते आत झोपलेल्या बाईसाठी आणलेत. मी हं-हं म्हणत राहिले. हं-हंलाही ओठ लागतात. दादा येऊन गेला, त्याने विनोद केला, मला हसावं लागलं. चहा गरम होता आणि गरमाने हे आणखी वाढतं. उन्हं खिडकीतून सरकत भिंतीवर गेली. डावी पापणी जड झाल्याचं मला जाणवलं आणि दुसरी गोळी घ्यायला अजून वेळ होता. तेव्हा आई बाहेर आली, केस नीट करत. मला पाहून थांबली. मी उठले. आणि इतक्या दिवसांनी तिला बघून मला हसू आलं, आवरता येणार नव्हतं, आलंच. ओठ मधोमध वर गेला. मला आरशाची गरज नव्हती, तिच्या डोळ्यांतच दिसलं.

‘हेच दाखवायला आलीस का?’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘आई, मशीन नको नेऊ.’ म्हणजे म्हणायला गेले. ‘म’ला ओठ मिटले नाहीत. काहीतरी चघळल्यासारखं झालं. वहिनी मधे पडली, ‘अहो आई, त्यांना खरंच—’ पण आईचं लक्ष वहिनीकडे नव्हतं. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि डोळे मिटून घेतले. संपलं. मी कोपऱ्यातल्या मुलीसारखी उभी राहिले. आता मी कितीही बोलले तरी त्या खोलीत नव्हते. आणि मग मला रडू आलं, नाटकी नाही, साधं, खालून, आणि तोंड त्यातही सामील झालं नाही, ते आपलं गुरकावत राहिलं. मी दोन पावलं पुढे गेले. लहानपणी वीज गेली की आईला काहीच ऐकू यायचं नाही. अंधारात आमची तोंडं दिसायची नाहीत, तेव्हा ती चाचपडत यायची आणि माझ्या गळ्यावर तळवा ठेवायची, मग दादाच्या. शब्द कळायचे नाहीत तिला. पण घाबरलोय का, खिदळतोय का, रडतोय का, एवढं कळायचं, आणि तेवढ्यावर भागायचं. ते मी विसरले होते. आता मी तिचा हात धरला. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं. तिने हिसडा दिला, मी सोडला नाही, आणि तो माझ्या गळ्यावर ठेवला.

ती डोळे मिटूनच उभी होती. हात आधी नुसता ठेवलेला होता, मेलेला. मग बोटं जरा पसरली, अंगठा जबड्याच्या हाडाखाली आला. मी रडत होते आणि गळा थरथरत होता, त्याला फौजेने हात लावलेला नव्हता. आईच्या कपाळाला आठी पडली, काजात धागा अडकला की पडते तशी. तिने डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघितलं, हात तसाच ठेवून. परत डोळे मिटले. परत उघडले.

‘रडतेयस,’ ती म्हणाली. मग, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या तोंडाविषयी तिला दुसऱ्याला विचारावं लागत होतं, म्हणून असेल, फार हळू म्हणाली, ‘मग तोंड असं का करतेस गं?’

‘करत नाही, आई,’ मी म्हटलं. ‘होतं.’

तिने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने माझा दंड धरला आणि मला खिडकीकडे वळवलं, जिथे अजून उजेड होता.

‘परत सांग,’ ती म्हणाली.